स्मशानभूमीचा नकाशा काढण्यापूर्वी : मराठवाड्यातील ग्रामपंचायतींना खुले पत्र

प्रति,
सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी, मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतील ग्रामपंचायती;
तसेच जिल्हा परिषदांचे बांधकाम अभियंते

सप्रेम नमस्कार.

जनसुविधा योजनेच्या सरकारी निधीतून गावात स्मशानभूमीचं काम मंजूर झालं, की ठरलेला एकच नकाशा येतो. चार खांब, वर पत्रा, मधे काँक्रीटचा ओटा, समोर थोडे पेव्हर ब्लॉक आणि एक पाटी. हा नकाशा एकाच विधीचा आहे. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम गावात मात्र माणसाला निरोप देण्याच्या पाच-सहा रीती शेजारी शेजारी चालतात. बहुतेक हिंदू घरांत दहन होतं. लिंगायत समाज देह बसवून पुरतो. मुसलमान उजव्या कुशीवर निजवून दफन करतात. महानुभाव पंथात अग्नी देत नाहीत, भूमीत ठेवतात. गोसावी आणि नाथपंथी बसती समाधी देतात. ख्रिस्ती पेटीत ठेवून पुरतात. बौद्ध त्रिसरण-पंचशील म्हणून बहुतेक ठिकाणी दहन करतात. नांदेड परिसरातली शीख घरं कीर्तन सोहिला ही प्रार्थना म्हणून चितेला अग्नी देतात. बंजारा तांड्यावर लग्न न झालेल्याला पुरायची जुनी रीत आहे. आणि दात न आलेलं मूल तर कुठल्याही घरचं असो, मातीतच जातं.

या सगळ्यांना एक शेड पुरत नाही. हे पत्र लिहिणारे आम्ही वेगवेगळ्या समाजांतले आहोत. सरण रचणं, कबर खोदणं, समाधीचा खड्डा घेणं, विधी सांगणं ही आमची कामं. आधी गावाला विचारा आणि मग नकाशा काढा, एवढंच आमचं मागणं आहे. काय विचारायचं आणि का, ते पुढे लिहितो.

सुरुवात दिशेपासून करू, कारण ती एकदा चुकली की पुढे दुरुस्त होत नाही. मुस्लिम दफनात चेहरा किब्ल्याकडे म्हणजे मक्केकडे हवा. मराठवाड्यातून ती दिशा नेमकी पश्चिम नाही, पश्चिमेपासून उत्तरेकडे साधारण ९ ते १२ अंश सरकलेली आहे. म्हणून कबरीची लांबी जवळपास दक्षिणोत्तर पडते, डोकं उत्तरेला आणि उजवी कूस खाली. दहनातही देह दक्षिणोत्तरच ठेवतात. डोकं कुठल्या टोकाला यात गावागणिक फरक असेल, पण ओटा पूर्व-पश्चिम बांधला तर दोन्ही प्रकारांची अडचण होते. ख्रिस्ती कबर जुन्या रीतीने पूर्व-पश्चिम असते, पाय पूर्वेला. आता एक तिरका, अरुंद गायरानाचा तुकडा डोळ्यांपुढे आणा. कंपाउंडची भिंत रस्त्याला समांतर घातली आणि आतल्या जागेच्या ओळी भिंतीला समांतर आखल्या, की सगळ्या कबरी वाकड्या पडतात आणि कोपऱ्याकोपऱ्यात जागा वाया जाते. भिंत कशीही असू द्या. आतली आखणी होकायंत्र लावून, दोरी आणि चुन्याने करा. तेवढ्यासाठी एक सकाळ पुरते.

दहनाच्या ओट्याबद्दल आमची तक्रार जुनी आहे. काँक्रीटवर थेट सरण पेटलं की काँक्रीट तडकतं, खपल्या उडतात, आत हवा शिरून सळई गंजते. दोन-तीन वर्षांत ओट्याचे तुकडे होतात आणि मग लोक पुन्हा शेजारच्या मातीत सरण रचतात. ओट्यावर आच सोसणाऱ्या भट्टीच्या विटा (फायर ब्रिक) बसवा. ते जमत नसेल तर कडेला बांध घालून आत वीतभर मुरूम-मातीचा थर ठेवा आणि तो वर्षातून एकदा बदला. बिडाची किंवा जाड लोखंडाची जाळी असेल तर खालून हवा खेळते आणि लाकूडही कमी लागतं. शेडचे खांब ओट्यापासून किमान ६ फूट लांब हवेत. याला दोन कारणं आहेत. जवळच्या खांबाला आच लागून तो आतून खराब होतो. आणि दुसरं, अग्नी देणारा खांद्यावर मडकं घेऊन चितेभोवती फेरे घालतो, प्रत्येक फेऱ्याला मडक्याला भोक पाडतात, पाण्याची धार चितेभोवती फिरते, शेवटी मडकं मागे टाकून फोडतात. खांब चिकटून असला तर हा फेरा पुराच होत नाही. दुःखात बुडालेल्या मुलाला खांबाला वळसा घालायला लावणं बरं दिसत नाही. छताची उंची ओट्यापासून १५ फुटांच्या आत नको, आणि मधोमध धूर जायला वर उघडी फट ठेवून तिच्यावर छोटं टोपण द्या. बसका पत्रा तापून काळा होतो, गंजतो आणि पहिल्या मोठ्या वाऱ्यात उडतो. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून त्या बाजूला पडदी भिंत लागते. तेवढी एकच पुरे, चारी बाजू बंद करू नका.

एका सरणाला ३०० ते ४०० किलो कोरडं लाकूड लागतं. ओलं असेल तर त्याहून जास्त, आणि तरीही नीट जळत नाही. श्रावणात भिजलेली बाभूळ पेटत नाही, म्हणून लोक डिझेल ओततात, कुठे कुठे टायर टाकतात. देहाची ही विटंबना फक्त कोरड्या जागेअभावी होते. निदान दोन सरणांचं लाकूड आणि गोवऱ्या राहतील अशी, जमिनीपासून दोन फूट उंच, मागून बंद, पुढून जाळीची खोली शेडलगत बांधा. रचताना जाड ओंडके खाली आणि आडवे, मधे हवेला जागा, बारीक फाटी वर आणि कुशीला, हे जाणती माणसं सांगतातच. ओंडकेच ओले निघाले तर त्यांनी तरी काय करावं? जैन कुटुंबं लाकडात कीड, मुंग्या नाहीत ना हे पाहून घेतात. जमीनही हिरव्या गवताची नको असते. कोरडी खोली आणि साफ केलेली जागा असली की त्यांचंही समाधान होतं.

ओटे दोन हवेत. याचं कारण नकाशा काढणाऱ्याच्या लक्षात येत नाही. अग्नी दिल्यावर काम संपत नाही. तिसऱ्या दिवशी राख सावडतात, अस्थी वेचतात. तोवर ती राख तिथेच राहिली पाहिजे. मधे दुसऱ्या घरी मृत्यू झाला आणि ओटा एकच असला, तर एकतर पहिली राख घाईने बाजूला सारावी लागते किंवा दुसरं सरण बाहेर पावसात रचावं लागतं. दोन्हींत कुणाचं तरी मन दुखतं आणि कधी भांडणही होतं. दुसऱ्या ओट्याचा खर्च शेडच्या मानाने फार नाही. समोरचे पेव्हर ब्लॉक कमी करा आणि तो बांधा.

आता मातीतल्या निरोपाकडे येतो. आमच्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे झालं आहे.

काळ्या मातीचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसात फुगून चिखल. अशा जमिनीत ६ फूट खड्डा घेतला तर भाद्रपदात खालून पाझर लागतो आणि बाजू ढासळतात. मे महिन्यात जागा पाहून पसंत करू नका. सप्टेंबरच्या शेवटी तिथे एक चाचणीचा खड्डा घ्या, रात्रभर ठेवा आणि सकाळी तळाला पाणी आहे का बघा. पाणी असेल तर ती जागा दफनाची नाही, ती दहनाला ठेवा. मुरमाड, उताराची, गावाच्या विहिरी आणि बोअरच्या खालच्या अंगाची जागा दफनाला द्या. बीड आणि धाराशिवच्या बालाघाटाच्या अंगाला उलटी अडचण येते. दोन फुटांवर खडक लागतो आणि जनाजा दारात असताना ब्रेकर शोधावा लागतो. तिथे कोरड्या दिवसांत दोन-तीन खड्डे आधीच खोदून, मातीने सैल भरून ठेवावेत. वेळ आली की तासाभरात रिकामे होतात.

मुस्लिम कबर दोन तऱ्हांची असते. माती घट्ट असेल तर तळाशी किब्ल्याच्या बाजूला कपार कोरून त्यात देह ठेवतात, ती बगली. माती सैल असेल तर मधोमध अरुंद चर घेऊन त्यात देह ठेवतात आणि वर फळ्या किंवा फरशी टाकतात, ती संदूकी. काळ्या मातीत बगली कोसळते, म्हणून मराठवाड्याच्या सखल भागात संदूकीच करावी लागते आणि प्रत्येक दफनाला चार-पाच फरश्या लागतात. माती देहावर थेट पडू नये हा त्यामागचा हेतू. या फरश्यांचा थोडा साठा कबरस्तानाच्या खोलीत असावा. कबर छाती-कमरेएवढी खोल असते, त्यावर हजर माणसं तीन तीन मुठी माती टाकतात, मग उरलेली ओढतात, आणि वर वीतभर उंचवटा राहतो. पहिल्या पावसात तो खचतो. याचा अर्थ काम वाईट झालं असा नाही, काळी माती बसतेच. श्रावणाआधी आणि नंतर एकदा भर घालायला गाडीभर मुरूम ठेवा. गुस्ल, म्हणजे देहाला घालायचं स्नान, घराजवळ होतो. त्याला बोरीच्या पानांचं पाणी, शेवटच्या पाण्यात कापूर आणि पुरेसं पाणी लागतं. उन्हाळ्यात टँकरच्या गावात हे पाणी कुठून येणार, हे पंचायतीने आधीच ठरवून ठेवावं. जनाज्याच्या नमाजला चार तकबीर (‘अल्लाहु अकबर’ म्हणणं) असतात, वाकणं किंवा सजदा, म्हणजे जमिनीला कपाळ टेकणं, नसतो, म्हणून चटया लागत नाहीत. लागते ती सपाट, काट्याकुट्यांविना मोकळी जागा, जिथे ओळी करून उभं राहता येईल. दफन लवकर करायचं असतं, रात्रीही होतं. तिथे एक दिवाबत्तीचा खांब देणं हा फार मोठा उपकार नाही.

लिंगायत समाधीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण लातूर, नांदेड, धाराशिव, बीड या पट्ट्यात हा समाज गावोगाव आहे, कपिलधारला मन्मथ स्वामींची समाधी आहे, आणि तरी नकाशात त्याची नोंद नसते. देहाला स्नान घालून, भस्म लावून, पद्मासनात बसवतात. डाव्या तळहातावर इष्टलिंग, म्हणजे हयातभर गळ्यात बाळगलेलं छोटं शिवलिंग. सजवलेल्या आसनात बसवूनच नेतात. खड्डा आडवा नसतो, चौरस असतो. जुन्या रीतीत तो पावलांनी मोजतात आणि एका भिंतीत कोनाडा कोरून त्यात देह बसवतात. मग बेलाची पानं आणि भस्म घालून माती लोटतात. बसलेल्या माणसाची उंची साधारण ३ फूट, वर किमान ३ फूट माती, म्हणजे ६ फुटांच्या आत भागत नाही. तोंडाची मापं ५ बाय ५ फूट धरा. जेसीबीचं बकेट लांबट खड्डा काढतं, त्यामुळे शेवटचा चौरस आणि कोनाडा हातानेच करावा लागतो. चालकाला आधी सांगितलं नाही तर तो भिंतच फोडतो आणि कोनाड्याला जागा राहत नाही.

इथे ग्रामीण रुग्णालयांतल्या आणि शवविच्छेदन विभागांतल्या मंडळींनाही एक विनंती. मृत्यूनंतर दोन ते चार तासांत सांधे आखडू लागतात, साधारण बारा तासांत देह ताठ होतो आणि पुढे दीड-दोन दिवसांनी पुन्हा सैल पडतो. उन्हाळ्यात हे सगळं लवकर घडतं. देह आडवा ताठ झाला की बसवता येत नाही. जोर लावला तर सांधे मोडतात, आणि ते पाहणं कुटुंबाला फार जड जातं. कुटुंब लिंगायत, गोसावी किंवा नाथपंथी असेल तर विच्छेदन लवकर उरकून देह लवकर हाती द्यावा. उशीर होणारच असेल तर तसं स्पष्ट सांगावं, म्हणजे घरच्यांना जंगमांशी (लिंगायत पुरोहितांशी) किंवा आपल्या विधी सांगणाऱ्यांशी बोलून मार्ग काढता येतो.

जागा किती लागते याचा हिशेब सोपा आहे. १ गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. एका आडव्या कबरीला भोवतालच्या मोकळ्या पट्टीसह ८ बाय ५, म्हणजे ४० चौरस फूट धरले आणि वाट सोडली, तर एका गुंठ्यात २० कबरी बसतात. लिंगायत खड्डा पट्टीसह ७ बाय ७ धरला, की ४९ चौरस फूट, म्हणजे गुंठ्यात १६-१७. वर्षाला ५ दफनं होणाऱ्या गावात एक गुंठा तीन-चार वर्षांत भरतो. मुस्लिम कबरस्तानात देह पूर्ण मातीत मिसळल्यावर जुनी जागा पुन्हा वापरता येते, पण कुठली कबर किती जुनी हे कुणालाच सांगता येत नसेल तर खोदताना हाडं लागतात. म्हणून नोंदवही ठेवा. ओळ, क्रमांक आणि तारीख एवढंच लिहा. दगडी समाधी बांधण्याची रीत आहे तिथे जागा कायमची अडते. ती बांधावी की साधा दगड ठेवावा, हे त्या समाजानेच बसून ठरवावं, पंचायतीने हुकूम काढू नये. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असतेच. त्याच वेळी या वहीत एक ओळ जास्त लिहायला काय जातं?

जागाच नाही, हे उत्तर आम्हाला अनेकदा मिळतं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २२ प्रमाणे सरकारी जमीन दहन-दफनभूमीसाठी नेमून देता येते. ग्रामसभेचा ठराव आणि मोजणीचा नकाशा जोडून प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. नेमून दिल्यावर सातबाऱ्यावर नोंद झाली की नाही ते पहा. ती झाली नाही तर पाच वर्षांनी त्याच तुकड्यावर दुसरं काहीतरी उभं राहतं. निजामाच्या काळापासून कबरस्तान म्हणून वापरात असलेल्या कित्येक जागा वक्फ मंडळाच्या नोंदीत असतात आणि मंडळाचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरात पाणचक्कीला आहे. वाद झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधी तिथला उतारा काढून ठेवा. महानुभाव आणि गोसावी यांच्या जुन्या जागा बहुधा मठाच्या किंवा कुणाच्या तरी शेताच्या बांधावर असतात, तोंडी परवानगीवर. शेत विकलं गेलं की वाट बंद होते. या वाटा आजच लेखी करून घ्या.

आणि आता जे लिहायला जड जातं, पण लिहिलंच पाहिजे. गावात एक स्मशानभूमी ‘गावाची’ आणि दुसरी ‘वस्तीची’ असते. गावाच्या स्मशानभूमीला शेड, रस्ता, हातपंप. वस्तीच्या स्मशानभूमीला ओढ्यातून, कमरेएवढ्या पाण्यातून जाणारी वाट. दलित कुटुंबाला गावाच्या ओट्यावर अग्नी देऊ न देणं हा नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ प्रमाणे गुन्हा आहे, आणि १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही दहन-दफनभूमीच्या वापराला अडथळा करणं हा गुन्हा स्पष्ट लिहिलेला आहे. कायद्याचं नाव घ्यावं लागतं याची आम्हाला लाज वाटते. माणूस मेल्यावर तरी त्याची जात विचारू नका. पाटीवर ‘सर्वांसाठी’ लिहा आणि तसंच वागा. आणि ज्यांना स्वतःची वेगळी जागा त्यांच्या श्रद्धेसाठी हवी आहे त्यांना ती द्या, पण ढकलून देऊ नका. निधी आला तर पहिला रस्ता ओढ्यापलीकडच्या जागेचा व्हावा. बौद्ध अंत्यविधीत मडकं नाही, पिंड नाही. भंतेजी किंवा बौद्धाचार्य वंदना घेतात, मग लोक बसून मृताबद्दल बोलतात. तिथे फेऱ्याच्या जागेपेक्षा सावलीतल्या बसण्याच्या जागेची गरज जास्त. तशी ती सगळ्यांनाच आहे, कारण श्रद्धांजलीची भाषणं आता प्रत्येक अंत्यविधीत होतात आणि म्हातारी माणसं उन्हात उभी राहतात. कडुनिंब लावा. दफनाच्या ओळींत मात्र वड-पिंपळ नको, त्यांची मुळं कबरी उचकटतात.

राखेबद्दल थोडं. पैठण, गंगाखेड, नांदेड इथे गोदेत अस्थी सोडतात, दशक्रिया करतात. ती श्रद्धा आहे आणि तिला आमचा नमस्कार. नदीत नेमकं काय जावं एवढं ठरवता येतं. अस्थी सोडा; प्लास्टिकची पिशवी, फोटोची चौकट, कपडे, गादी सोडू नका. पैठणच्या धरणाचं, नाथसागराचं, पाणी पिण्यासाठी जातं. काठाला एक कुंड आणि एक कचराकुंडी ठेवली, तर लोक ऐकतात. काही घरं आता राख शेतात खड्डा करून घालतात आणि वर झाड लावतात. ज्यांना ते हवं त्यांना कुणी अडवू नये.

सण-दिवसांचाही थोडा विचार करा. शबे-बरातच्या रात्री लोक कबरस्तानात जातात. हा दिवस दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे येतो, म्हणून गवतकाढणीची तारीख चांद्र पंचांग पाहून ठरवा. ख्रिस्ती, विशेषतः कॅथलिक, २ नोव्हेंबरला कबरींवर येतात. तेव्हा पावसाळ्यातलं गवत छातीपर्यंत आलेलं असतं. पेटी दोरांवर खाली सोडताना दोन्ही कडांना माणसं उभी राहतात, त्यामुळे खड्ड्याच्या कडा घट्ट हव्यात. काढलेली माती सगळी एकाच बाजूला, कडेपासून दोन फूट दूर टाका. ती कडेवरच ठेवली की कड माणसासकट खाली येते.

बेवारस देहाचं काम पोलीस आणि नगरपालिकेकडे असतं. तिथेही अंगावरच्या खुणा, गळ्यातलं इष्टलिंग, कागदपत्र पाहून ज्याची जी रीत दिसते तसा निरोप द्यावा आणि जागेची नोंद फोटोसह ठेवावी. महिन्यांनी नातेवाईक सापडतात, तेव्हा त्यांना निदान उभं राहायला एक जागा दाखवता येते.

शेवटी प्रत्यक्ष कामाचं. पुढच्या ग्रामसभेत हा एक विषय घ्या. गावातल्या प्रत्येक समाजातून विधी जाणणारा एक पुरुष आणि एक बाई बोलवा. देह न्हाऊ घालण्याचं, कफन बेतण्याचं निम्मं काम बायका करतात आणि त्यांना कुणी विचारत नाही. जंगम, मौलाना, भंतेजी, गोसावी, पास्टर, गावचा गुरव, सरण रचणारे, कबर खोदणारे यांना अभियंत्यासोबत एकदा जागेवर उभं करा. दिशा, माती, पाणी, वाट, उजेड, लाकूड, जागेचा हिशेब हे सगळं त्यांच्याकडून तिथेच लिहून घ्या आणि मगच अंदाजपत्रक करा. पावसाळा संपता संपता चाचणीचा खड्डा घ्यायला विसरू नका. आखणीच्या दिवशी चुना, दोरी आणि माणसं लागली तर कळवा, आम्ही येऊ.

आपले,
मराठवाड्यात सरण रचणारे, कबर खोदणारे, समाधीचा खड्डा घेणारे आणि विधी सांगणारे काही जण